दारूवर चालणारं विमान

तालुक्याची एजन्सी मिळाली, तर भूपेंद्रला कपाशीच्या बियाण्यावर बरं कमिशन सुटणार होतं, दुकानावर कंपनीचा पिवळा बोर्ड लागणार होता आणि रस्त्यापलीकडच्या बियाणेवाल्या ओमप्रकाशचा उतरलेला चेहरा रोज शटर उघडताना फुकटात बघायला मिळणार होता. या शेवटच्या बाबीसाठी भूपेंद्रनं पहिल्या दोन अर्ध्या किमतीत सोडल्या असत्या. कंपनीच्या साहेबांनी फोनवर अट सांगितली होती. "मी सेलूला येईन त्या दिवशी जो जास्त शेतकरी जमवेल, एजन्सी त्याची."

ओमप्रकाशनं दुकानामागे मांडव टाकून पुरी-बुंदीचा बेत ठरवला. भूपेंद्रकडे विमान होतं. मेव्हण्यानं हैदराबादहून आणलेलं, रिमोटवर उडणारं, बॅटरीचं. त्याच्या शेपटाला 'भूपेंद्र कृषी केंद्र' असं कापड बांधायचं आणि बाजारावरून फिरवायचं, म्हणजे बुंदी टाकून माणसं मैदानात येतील, असा त्याचा हिशेब. तालमीच्या दिवशी विमान कापडासकट गुडघाभर उठलं आणि खाली बसलं.

"विमान हाय का अंड्यावरची कोंबडी?" त्याच्या बायकोनं, गुंजननं, विचारलं.

"बॅटरीत दम नाई ना! आता इंजिन बसवतो."

नागपूरच्या दुकानातून त्यानं लिंबाएवढं इंजिन आणलं, आणि ते बसवायला रूपरावला बोलावलं. रूपरावनं आजवर तालुक्यातले निम्मे डिझेल पंप दुरुस्त केले होते आणि इंजिन लहान असो की मोठं, तो त्याला पंपच समजत असे. विमानाच्या नाकातली मोटर काढून त्यानं तिथं सागाची फळी ठोकली, फळीवर इंजिन आवळलं आणि बॅटरीच्या जागी तेलासाठी सलाइनची बाटली नळीसकट बसवली.

"आता पेटवाले बॅटरी द्या."

"काढलेली? अबे, बॅटरी नको म्हणून तं हे लचांड केलं!"

"पेटवापुरती लागते, भाऊ. मंग काढून घ्या."

"म्हणजे बॅटरीवर चालत नाई, पन बॅटरीशिवाय चालू होत नाई?"

"तेच तं!" रूपराव म्हणाला. दोघांनाही काही कळलं नव्हतं, पण दोघांची मान एकदमच हलली.

"अन् कमी-जास्त कसं करा लागते? बंद कसं करा लागते?"

"पंपाले आपण कमी-जास्त करतो का? चालू तं चालू. तेल सरलं का आपोआप बंद."

तेलाचं प्रकरण मात्र वेगळं निघालं. या इंजिनाला ना पेट्रोल चालत होतं ना डिझेल. त्याला लागायचं मिथेनॉल, म्हणजे एक विषारी स्पिरिट, आणि त्यात मिसळलेलं एरंडेल. मिथेनॉलचा डबा इंजिनासोबत आला होता. एरंडेलासाठी भूपेंद्र कमलाबाईंच्या किराणा दुकानात गेला.

"येवढं एरंडेल?" कमलाबाई म्हणाल्या. "घरातल्या साऱ्यायचंच पोट अडलं का?"

"विमानाले पाह्यजे."

कमलाबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि आधी पैसे मागितले.

रूपरावनं डबा हुंगला. "हे तं दारूच होय!"

"तसंच समज," भूपेंद्र म्हणाला. कोणता शब्द कुठं बोलावा याचं भान त्या घाईत त्याला राहिलं नाही. अख्खा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. इथं तो शब्द एकदा तोंडातून सुटला की पायी चालत नाही.

रूपराव चहाच्या टपरीवर फक्त एवढंच बोलला, "भाऊचं विमान दारूवर चालते." बसस्टँडवर पोचेपर्यंत ते 'विमानात दारू असते' झालं. बैलबाजारात ते 'नागपूर जिल्ह्यातून दारू आणते' झालं आणि आजूबाजूच्या खेड्यांत गेलं तेव्हा, साहेब यायच्या दिवशी विमान ती दारू वरून फुकट सोडणार, असं ठरून गेलं होतं.

त्या दिवशी मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. ओमप्रकाशच्या मांडवात बुंदीवर माशा आणि माशांवर ओमप्रकाश, एवढीच हालचाल. साहेब गाडीतून उतरले ते थेट गर्दीकडे बघत.

"भूपेंद्रजी, कमाल आहे! पण सगळ्यांच्या हातात रिकाम्या बाटल्या कशाला?"

भूपेंद्र गोंधळला. "ऊन लय हाय ना साहेब."

रूपरावनं पंखा फिरवला. इंजिनानं आधी त्याच्या बोटावर सणसणीत फटका दिला आणि मग कानठळ्या बसवणारा आवाज करत ते सुरू झालं. विमान सुटलं आणि सरळ वर गेलं. कापड पहिल्याच झटक्यात तुटून बाभळीला अडकलं. त्याबरोबर भूपेंद्रचं नावही बाभळीला अडकलं. इंजिनाच्या हादऱ्यानं रिमोटसाठी ठेवलेल्या बारक्या सेलची तार निसटली आणि विमानानं रिमोटचं ऐकणं बंद केलं. ते आपल्या मनानं घिरट्या घालू लागलं, आणि धुरातून जळक्या एरंडेलाचे बारीक थेंब खाली पडू लागले.

"पडली! पडली!" लोकांनी बाटल्या वर धरल्या.

"रूपराव, बंद कर ना बे!"

"तेल सरू द्या, भाऊ."

वाऱ्याबरोबर विमान बाजारावर सरकलं. मागोमाग सगळं मैदान सरकलं. सलाइनची बाटली आटत आली तसं ते खाली झुकलं आणि थेट ओमप्रकाशच्या मांडवावर बसलं. गर्दी मांडवात घुसली. धापा टाकत साहेबही आले. पाठोपाठ पोलीस ठाण्याचे किसनराव जमादार आले. दारूच्या बातमीवरून ते पाळतीवर होते, म्हणून पायजमा-सदऱ्यात होते.

"ही गर्दी आता कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"दारूचं विमान कोणाचं?" जमादारांनी विचारलं.

दोन्ही प्रश्न एकदमच आले. भूपेंद्रला पहिल्याचं उत्तर द्यायचं होतं आणि दुसऱ्याचं गिळायचं होतं. ओमप्रकाशला मात्र एकच प्रश्न ऐकू आला.

"माह्या मांडवात हाय, माह्यीच गर्दी!"

"मंग विमान बी तुमचंच. चला ठाण्यात."

"काऊन? दारू नाई ते, जमादार! एरंडेल होय, वास घ्या!" ओमप्रकाशनं सलाइनची बाटली ओढून काढली. तळाशी अजून घोटभर होतं. "थांबा, पिऊनच दाखवतो!"

भूपेंद्रनं पाहिलं. तो गप्प राहिला असता, तर ओमप्रकाशचा चेहरा कायमचा उतरला असता. एजन्सीही आपोआप भूपेंद्रकडे आली असती. बाटली ओठांपाशी गेली.

"पिऊ नोको बे! जहर हाय ते! डोळे जातीन!" भूपेंद्रनं झेप घेऊन बाटली उडवली. दोघंही बुंदीत पडले.

"तुम्हाले कसं मालूम?" जमादारांनी विचारलं.

"माह्यंच हाय," भूपेंद्र बुंदीतून म्हणाला. "विमान माह्यं, तेल माह्यं. दारू नोहय ते, इंजिनाचं खाद्य हाय."

"म्हणजे गर्दीही तुमचीच!" साहेब खूश झाले.

जमादारांचं समाधान झालं नव्हतं. ते गर्दीकडे वळले. "मंग हे लोकं कायले जमले? सांगा, दारूच्या पायी आले का?"

बाटल्या सदऱ्यांखाली गेल्या. अखेर मागून एक म्हातारा म्हणाला, "बियाणं घ्याले आलतो."

"हो, हो! बियाणंच!" सगळा मांडव गरजला.

साहेबांनी आयुष्यात असा प्रतिसाद पाहिला नव्हता. त्यांनी तिथंच टेबल मांडायला लावलं. जमादार दारात उभे, त्यामुळे आगाऊ रक्कम भरल्याशिवाय कोणाला बाहेर पडता येईना. ज्यांच्या शेतात कधी तूर सोडून काही लागलं नव्हतं, त्यांनीही कपाशीच्या थैल्या नोंदवल्या. ज्यांना शेतच नव्हतं अशा दोघांनी सासऱ्याच्या नावावर नोंदवल्या. पैसे सगळे घरून आणलेलेच होते, फक्त फुकटच्या दारूसोबतच्या चकण्यासाठी.

विमान ठाण्यात गेलं. एजन्सी भूपेंद्रला मिळाली. ओमप्रकाशचे डोळे वाचले, आणि ते पुसून झाल्यावरच त्यानं भूपेंद्रकडे बुंदीचे पैसे मागितले.

सगळे गेल्यावर साहेबांनी मान वर केली. "आणि तुम्ही?"

"मी? मी ड्युटीवर," किसनराव म्हणाले.

साहेब परगावचे. त्यांनी पायजमा-सदरा पाहिला, सदऱ्याच्या खिशातून डोकावणारं बाटलीचं बूच पाहिलं आणि आदबीनं विचारलं, "हो, पण किती थैल्या लिहू?"

जमादारांनी इकडे-तिकडे पाहिलं.

"एक लिहा," ते हळूच म्हणाले.