वृक्ष क्रमांक सत्तेचाळीस

कायदा नसला तरी गवत उगवते, हे खरे. परंतु ते कोणत्या अधिकाराने उगवते, हे कोणालाच सांगता येत नाही. ही उणीव सार्वजनिक उद्यान कायद्याने भरून काढली, आणि सन १९२७ पासून सोलापूरच्या एका बागेतील (नाव देत नाही; बागेलाही अब्रू असते) हिरवळ कायदेशीर झाली.

कलम चार असे: हिरवळीवर वृक्षाखेरीज कोणीही उभे राहू नये. कलम सात असे: हिरवळ वाळल्यास माळ्यास नोकरीवरून कमी करावे. माळी होता बिरप्पा, मोहोळकडचा धनगर. (ज्याच्या मेंढरांनी जन्मभर गवत खाल्ले त्यालाच गवत वाढवायला लावावे, इतका न्याय सरकारदरबारीच सुचतो.) बिरप्पा कलम चारला भिऊन काठावरूनच झारीने पाणी फेकू लागला. हिरवळ पंधरा हात रुंद, झारीची फेक चार हात. दोन्ही काठ हिरवेगार झाले, मधले सात हात करपले. वार्षिक अहवालात याची नोंद 'हिरवी किनार' अशी झाली. लुगड्यांच्या गावात किनारीला मान असायचाच.

पण कलम सात काही किनार जाणत नाही. बिरप्पाची नोकरी जाणार असे दिसताच उद्यान कारकून पंचाक्षरी कळवळले. मोठा हळवा माणूस. त्यांनी दुरुस्ती सुचवली आणि ती अवघ्या दोन वर्षांत मंजूर होऊन आली: पाणी घालीत असता माळी हा वृक्ष समजण्यात यावा.

बिरप्पा हिरवळीत शिरला. गवत हिरवे झाले, नोकरी वाचली. त्याच्या पाठीवर चुन्याने ४७ हा आकडा घातला गेला. पाणी घालणे केव्हा संपते याची व्याख्या नसल्यामुळे तो दिवसभर वृक्ष राहिला, आणि परवानगीवाचून वृक्ष हलवता येत नसल्यामुळे दुपारी घरी जाणे बंद झाले. बायको मायाक्का भाकरी आणून देई. त्या भाकरीची नोंद खत म्हणून होई. प्रत्येक झाडाला रोज दोन घागरी पाणी द्यावे असा नियम होता, तेव्हा बिरप्पा त्या घागरी स्वतःच्या पायांवर ओतून घेई.

यंदा हिरवळीच्या मध्यभागी बँडस्टँड उभारण्याचे ठरले. आड येणारा वृक्ष क्रमांक ४७ तोडावा, असा हुकूम आला. (नोकरीवरून की बुंध्यापासून, याचा खुलासा वरून मागवला आहे.) हुकूम झाडाला खिळ्याने ठोकायचा असतो, पंचाक्षरींनी तो विणकरांकडची खळ आणवून बिरप्पाच्या पाठीला चिकटवला.

वृक्ष हलवण्याची रीतसर परवानगी काढून बिरप्पा झारी घेऊनच कचेरीत गेला. म्हणाला, "रावसाब, म्या झाड न्हाय की. मानूस हाय. घरी दोन लेकरं हायत."

पंचाक्षरींच्या डोळ्यांत पाणी आले. "बिरप्पा, हे तू दुरुस्ती मंजूर व्हायच्या आधी सांगायचं होतंस."

झारी हातात असल्यामुळे बिरप्पाचे बोलणे वृक्षाचे ठरले, आणि वृक्षाचे म्हणणे लिहून घ्यायला फॉर्मात रकाना नाही.

तरीही कायदा निर्दय नाही. कोणाही साक्षर नागरिकाने तीस दिवसांत हरकत घेतल्यास हुकूम रद्द होतो. मात्र सर्व हकीकत शेवटपर्यंत वाचूनही जो हरकत घेणार नाही, त्याची संमती समजण्यात येते.

आज तिसावा दिवस आहे. बिरप्पा हिरवळीत पाणी घालीत उभा आहे. आपण इथपर्यंत वाचलेत, मध्ये एकदोनदा हसलातही. तशी नोंद घेतली आहे.