देवणीकर सरांचा भूकंप

रविवारी संध्याकाळी राघवेंद्र देवणीकर सरांनी खोलीचं दार आतून लावलं, कडी दोनदा हलवून बघितली, खिडकी ओढून घेतली, फटीत टॉवेल कोंबला आणि मग कपाटातल्या स्वेटरच्या घडीतून तो राखाडी डबा बाहेर काढला. पंचेचाळिशीचा माणूस एवढी खबरदारी घेऊन जे काही करतो, ते चारचौघांत सांगण्यासारखं नसणार, असं कुणालाही वाटेल. सरांनाही तसंच वाटत होतं.

डबा म्हणजे हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम. नांदेडला एका भंगारवाल्याच्या ढिगात सरांना तो सापडला होता. पण सर त्यावर खेळत नसत. खेळाच्या कॅसेटऐवजी त्यात एक वेगळी कॅसेट बसवली की तो डबा चार आवाजांत गाऊ लागे. दोन पातळ आवाज चालीला, एक जाड आवाज खर्जाला आणि एक नुसती खरखर, ती ठेक्याला. बटणं दाबून एकेक सूर भरायचा, महिनाभरात एक चाल तयार करायची आणि टोपणनावानं इंटरनेटवर टाकायची. असल्या डब्यांवर गाणी करणारे जगभरातले चाळीसेक वेडे सरांना ओळखत होते. लातुरातला एकही नाही, आणि तो आकडा तसाच राहावा म्हणून सरांचा जीव टांगणीला लागलेला असे.

कारण लातुरात देवणीकर सर म्हणजे धाक. शरदचंद्र सरांच्या क्लासच्या पत्रकावर त्यांच्या फोटोखाली छापलेलं होतं, ‘ना फोन, ना खेळ, ना सबब.’ पालक मुलाला घेऊन यायचे आणि सरांचा चेहरा बघूनच प्रवेश नक्की करायचे. मुलांकडून सरांनी इतके फोन आणि खेळ जप्त केले होते की ते ठेवायला लोखंडी कपाट आणावं लागलं. क्लासचे मालक शरदचंद्र सर तर आणखी कडक. मागच्या वर्षी केमिस्ट्रीचे सर फोनवर पत्ते खेळताना दिसले, तर शरदचंद्र सरांनी त्यांना तास संपायच्या आत काढून टाकलं. आपलं गुपित फुटलं तर नोकरी जाईल, आणि ज्या फळ्यापुढं वीस वर्षं उभे राहिलो तिथं परत कुणी उभं करणार नाही, ही भीती सरांना रोज सकाळी दात घासताना आठवायची.

एवढं असूनही त्यांनी वूफर, म्हणजे खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर, आणला, याला फिनलंडमधला एक गृहस्थ जबाबदार होता. त्यानं सरांच्या शेवटच्या चालीखाली लिहिलं होतं, ‘छान आहे, पण या गाण्याला पोट नाही.’ सरांना तीन दिवस घास गोड लागला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी गुडघ्याएवढा वूफर पोत्यात गुंडाळून वर आणला आणि जमिनीवर ठेवला. त्या जमिनीच्या बरोबर खाली घरमालकीण तुळजाबाईंचं स्वयंपाकघर होतं.

तुळजाबाई किल्लारीकडच्या एका खेड्यातल्या. भूकंपात घर गेलं आणि त्या नवरा हणमंतराव यांच्यासोबत लातूरला आल्या. तेव्हापासून त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक उतरंड उभी होती. खाली पितळी तांब्या, त्यावर वाटी, वाटीवर एकावर एक तीन स्टीलचे पेले. जमीन हलली की पेले पडणार आणि जाग येणार. त्या काळी घरोघरी असली उतरंड असायची. पुढं लोक विसरले आणि आपापल्या पेल्यांतून पाणी प्यायला लागले. तुळजाबाईंनी मात्र ते पेले तेवीस वर्षांत एकदाही ओठाला लावले नव्हते.

पाच वाजून चार मिनिटांनी सरांनी बटण दाबलं. चाल हळूच सुरू झाली. वळण घेत ती तिसऱ्या मिनिटाच्या शेवटाला आली आणि वूफरनं असा काही खर्ज लावला की सरांच्या मांडीवरची वही सरकली. सरांनी डोळे मिटले. गाण्याला पोट आलं होतं.

खाली खणखणखण्ण असा आवाज झाला आणि पाठोपाठ तुळजाबाईंची किंकाळी आली. "भूकंप! भूकंप झाला वो! भायर पळा, भायर!"

लातूरचा माणूस हा शब्द ऐकल्यावर विचार करत बसत नाही. सरही अनवाणी जिन्यावरून धडधडत खाली आले आणि गल्लीत पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की भूकंप आपणच आहोत. पण तोवर शेजारपाजारची दारं उघडली होती. समोर शरदचंद्र सरांच्या क्लासमध्ये रविवारची परीक्षा चालू होती, तिथून दोनशे मुलं पेन हातात घेऊन बाहेर आली आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर गर्दी झाली.

सर निमूटपणे मागं वळले. चाल चार मिनिटांची होती आणि संपली की आपोआप पहिल्यापासून सुरू होत होती. ती बंद करणं भाग होतं. पण पहिल्या पायरीवरच तुळजाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"आत जाऊ नका मास्तर."

"मावशी, एक मिनिटात येतो. चष्मा राहिलाय."

"चष्मा डोळ्यावर हाय तुमच्या. माझी नणंद अशीच माघारी गेली व्हती. लेकराची कुंची आणते म्हनली." तुळजाबाईंचा हात बर्फासारखा गार पडला होता. "न्हाई आली परत."

सरांना तो हात सोडवून घेता आला नाही. लाज आणि भीती यांतलं आधी काय वाटावं, हेही त्यांना कळेना.

तेवढ्यात हणमंतरावांनी खिडकीच्या गजांतून हात घालून उतरंड परत रचली. "आजून येतो का बगू," ते म्हणाले. सरांनी घड्याळ बघितलं, डोळे घट्ट मिटले, आणि पेले पडले. गर्दीतून ‘अगं आई’ असा एकच आवाज आला. हणमंतरावांनी पुन्हा रचले.

आता शरदचंद्र सर आले. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. खरी परीक्षा वीस दिवसांवर होती. "देवणीकर सर, तुम्ही फिजिक्सचे आहात. पोरांना जरा धीर द्या. दोन शब्द बोला."

सर ओट्यावर चढले. जमिनीखालचे भूपट्ट कसे सरकतात ते सांगू लागले. बोलता बोलता त्यांची नजर घड्याळाकडे गेली आणि वाक्य अर्धवट सोडून त्यांनी मान खांद्यात ओढून घेतली. खणखणखण्ण!

"बगितलं का?" गर्दीतला एक पालक ओरडला. "सरांना आधीच कळून राहिलंय!"

मग काय विचारता! लोक सरांच्या भोवती गोळा झाले. "सर, मोठा कधी हाय?" "सर, आमी चाकूरला जावं का इथंच थांबावं?" एका बाईनं लेकराला सरांच्या पाया पडायला लावलं. सर नाही नाही म्हणत मागं सरकत होते आणि मधूनच घड्याळ बघत होते, आणि त्यांनी घड्याळ बघितलं की दोनशे पोरं खाली बसत होती.

एकटी वैष्णवी तेवढी उभी होती. शिरूर अनंतपाळची ही मुलगी क्लासमध्ये पहिली येई आणि सरांनाही शंका विचारायला कमी करत नसे. तिनं प्रश्नपत्रिकेच्या मागं काहीतरी लिहून आणलं होतं.

"सर, पाच सात, पाच अकरा, पाच पंधरा. दर चार मिनिटाला पडून राहिलंय. भूकंप असा येळ धरून येतो का?"

"कधी कधी येतो," सर म्हणाले. वीस वर्षांत त्यांनी सांगितलेलं हे पहिलं चुकीचं उत्तर होतं.

"तुमीच शिकवलं न, सारख्या वेळानं जे परत परत होतं, त्याचं कारण जवळच हुडकायचं. आन् सर, तुमच्या खोलीतून काईतरी चींचीं वाजून राहिलंय."

"इन्व्हर्टर आहे."

"इन्व्हर्टरला चाल असती का सर?"

आपणच शिकवलेलं ज्ञान आपल्यावर उलटताना बघायची वेळ शिक्षकावर क्वचित येते. दुसरा एखादा दिवस असता तर त्यांनी त्या मुलीला पाठ थोपटून शाबासकी दिली असती.

इकडे प्रकरण हाताबाहेर चाललं होतं. पालकांचे फोन सुरू झाले होते. दोन मुली होस्टेलवरून बॅगा घेऊन आल्या होत्या, देवणीच्या बाजूला जाणारी एक जीप कोपऱ्यावर भरू लागली होती. शरदचंद्र सर प्रत्येकाला हात जोडत होते, "अहो, वीस दिवस राहिलेत, वीस दिवस!" पण कुणी ऐकेना. आणि तुळजाबाई हणमंतरावांना म्हणत होत्या, "आतरुन-पांघरुन भायर काडा. मी आता ह्या घरात पाय ठिवत न्हाई. तेवीस वर्सं झाली, तरी पाठ सोडंना मेला." त्या रडत होत्या. पदरात तोंड घालून, आवाज न करता.

ते सरांना बघवलं नाही. नोकरी, पत्रक, फळा, सगळं एकदा डोळ्यांसमोरून गेलं. तरी ते तुळजाबाईंपुढं जाऊन उभे राहिले.

"मावशी, भूकंप नाही. मी आहे."

"आँ?"

"मी वर गाणं लावलंय. त्याच्या आवाजानं पेले पडतायत."

शरदचंद्र सरांनी पुढं होऊन देवणीकर सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा," ते गर्दीला म्हणाले, "पोरांची भीती जावी म्हणून हा माणूस स्वतःवर ओढून घेतोय."

हे मात्र सरांना सहन झालं नाही. ते सरळ जिना चढून गेले. तुळजाबाईंची हाक त्यांच्या मागोमाग वर गेली. टॉवेल काढून त्यांनी खिडकी उघडली, डबा सगळ्यांना दिसेल असा हातात धरला आणि चाल थांबवली. "आता रचा," ते खाली बघून म्हणाले. हणमंतरावांनी पेले रचले. सरांनी चाल खर्जाच्या जागेपासून लावली. पेले पडले. थांबवली. रचा. लावली. पडले.

दोनशे मुलांनी वर बघितलं. ज्या माणसानं त्यांचे खेळ जप्त केले, तो माणूस हातात खेळ घेऊन खिडकीत उभा होता.

"सर, तुम्ही?" शरदचंद्र सर म्हणाले.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळा प्लॉट हसायला लागला. सर मान खाली घालून जिना उतरले. शरदचंद्र सर पुढं झाले, पण त्यांच्या आधी तुळजाबाई पोचल्या.

"थांबा. आधी मला इचारू द्या." डोळे पुसून त्यांनी सरांकडं रोखून बघितलं. "मास्तर, आता माझे पेले पडले तर मी काय समजायचं? तुमी का त्यो?"

"मी परत वाजवणार नाही," ते म्हणाले.

"तसं न्हाई चालणार. तुमी चोरून वाजवलं तर? रोज संध्याकाळी पाचला वाजवायचं, ठरून. पाचला पडले तर तुमचे. दुसऱ्या येळी पडले तर भायर पळायचं."

नोकरीचा निकाल शरदचंद्र सरांनी ‘उद्या बघू’ म्हणून ठेवला. दुसऱ्या दिवशी सात पालकांचे फोन आले. सातही जणांना आपला मुलगा भूकंपवाल्या, खरं बोलणाऱ्या सरांच्याच तुकडीत हवा होता. मग शरदचंद्र सरांनी निकाल लावलाच नाही. सरांचा धाक मात्र गेला. ते वर्गात आले की मागच्या बाकांवर त्यांचीच चाल गुणगुणली जाई आणि सरांना रागवावं की ठेका चुकला म्हणून दुरुस्त करावं, ते कळत नसे. फिनलंडवाल्यानं ‘आता पोट आहे’ असं लिहिलं आणि वर्गात तो शब्दच रूढ झाला. रोज पाचला पेले पडू लागले, आणि गल्लीतले लोक तो आवाज ऐकून चहाचं आधण ठेवू लागले.

पंधराव्या दिवशी डब्यातल्या बॅटऱ्या संपल्या. सर कोपऱ्यावरच्या दुकानातून चार नव्या घेऊन येत होते. पाच वाजले होते, उशीर झाला म्हणून ते भराभर चालले होते. ते प्लॉटपाशी आले आणि खिडकीतून आवाज आला. खणखणखण्ण.

सर थांबले. चपलेखालची जमीन हळूच एका बाजूला गेली आणि परत आली.

"भूकंप!" सर किंचाळले. "भूकंप! बाहेर या!"

क्लासच्या खिडकीतून एका पोरानं अंगठा दाखवला. "सर, आज पोट लई दमदार हाय! बाकापर्यंत आलं!"

"अरे, बॅटऱ्या माझ्या हातात आहेत!" सरांनी चारही बॅटऱ्या उंच धरल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गॅलरीतून शरदचंद्र सर म्हणाले, "सर, जरा हळू. उजळणी चालू आहे." एका घरातून आधण ठेवल्याचा आवाज आला. सर इकडून तिकडं पळत ओरडत होते आणि एकही माणूस बाहेर येत नव्हता.

आल्या त्या तुळजाबाई. अर्ध्या दाढीला साबण लावलेल्या हणमंतरावांना दंडाला धरून त्यांनी बाहेर आणलं, प्लॉटच्या मधोमध बसवलं आणि स्वतःही बसल्या.

"मावशी, तुम्हाला कसं कळलं?" सरांना धाप लागली होती.

"पंधरा दिस ऐकून राहिले न मी. तुमच्या गाण्यानं वरचे पेले पडतेत. आज बुडातला तांब्या गेला." त्यांनी जमिनीवर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. "ल्हान व्हता. गेला."

तुळजाबाईंनी सरांचं मनगट धरून त्यांना खाली बसवलं. आज त्यांचा हात गार नव्हता.

"भिऊ नका मास्तर. फकस्त उद्यापासून सव्वापाचला वाजवत जा. पाचची येळ आता त्यानं घेतली."