भोकाचा पैसा आणि ईनबाईंची बंगई

"हे नाणे नाहीत, गोपीचंद. हे खिचडी आहे, खिचडी!"

भय्याजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि पलंगभर पसरलेल्या नाण्यांकडे, पंगतीत उष्टं टाकणाऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं. जिल्ह्यातल्या नाणी गोळा करणाऱ्यांच्या मंडळाचे ते अध्यक्ष. रविवारच्या प्रदर्शनात कोणाला टेबल द्यायचं, ते त्यांच्या शब्दावर.

"मले सारेच आवडतात जी," गोपीचंद म्हणाला.

"टेबल पाहिजे ना तुले? मंग एक विषय धर. सोताचा. कोणी हत्तीवाले नाणे धरते, कोणी जहाजवाले. विषय नाही त टेबल नाही."

स्वयंपाकघरातून गिरजाबाईंचा आवाज आला, "नशीब माहं, लग्नाच्या वक्ती तरी एकीवरच थांबले!"

भंडाऱ्यात गोपीचंदचं नटबोल्टचं दुकान होतं. गेली दोन प्रदर्शनं तो लोकांच्या टेबलांसमोरून रांगेत पुढे सरकला होता. यंदा टेबलावर आपल्या नावाची पाटी लागावी, एवढीच त्याची आस. त्यानं विषय शोधायला घेतला. गव्हाची लोंबी धरून पाहिली, पण धानाच्या मुलखातल्या माणसाला गहू आपला वाटेना. जहाज धरलं, तर वैनगंगेतल्या डोंग्याहून मोठं काही त्यानं जवळून पाहिलं नव्हतं. हत्ती धरला, सोडला.

सांज कलली. पसाऱ्यातून एक तांबूस नाणं त्याच्या बोटाला लागलं. इंग्रजाच्या काळातला भोकाचा पैसा. त्यानं सहज तो डोळ्याला लावला. पलीकडे गिरजाबाई तुळशीपाशी दिवा लावत होत्या. त्या एवढ्याशा गोलात नाकातला खडा मावला, ओंजळ मावली, ज्योत मावली. गोपीचंद पैसा तसाच डोळ्याला धरून उठला.

"गिरजा, सापडला!"

"काय, चष्मा?"

"विषय!"

"मले वाटलं कामाचं काही सापडलं."

विषय सापडला, पण पैसा एकच. एका पैशानं टेबल भरत नाही. शुक्रवारपर्यंत त्यानं सराफ पालथे घातले, भंगारवाले चाळले, सासुरवाडीला फोन केले. कुठेच काही नाही. आणि शुक्रवारी तर गिरजाबाईंसह कारध्याला जाणं ठरलेलं होतं. पुलापलीकडे, लेक राखीच्या सासरी.

मुलीच्या सासरी जायचं म्हणजे गोपीचंद आवाज घरी ठेवून जायचा. व्याही घनश्याम आणि विहीण सुलोचनाबाई बंगईवर बसून झोके घेणार, मुलीचा बाप खाली सतरंजीवर. त्याला कोणी बस म्हटलेलं नव्हतं, पण लग्नापासून तीच रीत पडली होती. ओसरीवर टांगलेली ती सागवानी बंगई होतीही राजासारखी. जाड फळी, चार कोपऱ्यांना लोखंडी सळया, खाली चार नट.

सतरंजीवर बसल्या बसल्या गोपीचंदची नजर वर गेली आणि तिथेच खिळली.

नट आणि फळीच्या मध्ये वायसर, म्हणजे चकती म्हणून जे काही बसवलेलं होतं, ते वायसर नव्हतंच. तांबूस, गोल, कडेला मुकुट. चारही कोपऱ्यांना चार भोकाचे पैसे! वर बसणाऱ्यांना हे जन्मात दिसलं नसतं.

"इवाई, पाणी घ्या ना. असे कायले पाहून राहिले बंगईकडं?" घनश्यामनं विचारलं.

"काही नाही जी. लाकूड पाहून राहिलो. अस्सल आहे."

थोड्या वेळानं घनश्याम बैलांना पाणी दाखवायला गेला. बायका चुलीपाशी पाटोडीचा रस्सा करण्यात गुंतल्या. ओसरी रिकामी. एक पैसा मागून घ्यावा, तर मुलीच्या बापानं व्याह्याकडे मागायचं कसं? गोपीचंदनं ठरवलं की हे घेणं नव्हे, बदलणं आहे. दुकानदाराच्या खिशात नवे वायसर असतातच. गाडीच्या डिक्कीतून त्यानं पाना आणला, डोक्यानं फळी उचलून धरली आणि नट फिरवला. पैसा निघाला. वायसर बसला. नट बोटांनी चढवला. आता पान्यानं आवळायचा, तोच मागून आवाज आला.

"बाबा, बंगईखाली काय करून राहिले?"

राखी होती. गोपीचंदनं पाना पायजम्याच्या नेफ्यात खुपसला.

"बटन पडलं व माय."

"सदऱ्याचे सारे बटन त जागेवर आहेत."

तेवढ्यात घनश्याम परतला, ताटं आली आणि तो रश्श्याचं ताट मांडीवर घेऊन नेमका त्याच कोपऱ्यात बसला. बंगई हलली. किर्रर. गोपीचंदनं खालून पाहिलं. नट थोडा फिरला होता. पुन्हा किर्रर. आणखी थोडा फिरला.

"इवाई, खाली बसा ना. गारगार लागते," गोपीचंद म्हणाला.

"काहून? थंडीच्या दिवसात?"

"मंग हलू तरी नका. जेवताना हलू नये म्हणते डॉक्टर."

"कोण डॉक्टर?"

"माहा," गोपीचंद म्हणाला आणि रश्श्यात पाटोडीऐवजी बोट बुडवून बसला.

सुलोचनाबाई आल्या आणि नवऱ्याशेजारी टेकल्या. किर्रर. "गिरजाबाई, तुमीही या ना. एक झोका घेऊ," त्यांनी बोलावलं. आजवर कधी बोलावलं नव्हतं. गिरजाबाईंचा चेहरा फुलला.

"नको!" गोपीचंद ओरडला. व्याह्याच्या घरात त्याचा एवढा आवाज कोणी ऐकलाच नव्हता. "म्हणजे, तुहा गुडघा दुखते ना, गिरजा."

"माहा गुडघा? कधीपासून?" गिरजाबाई म्हणाल्या आणि टेकल्या.

नट टप्पकन गोपीचंदच्या ताटात पडला. तो काय आहे हे कोणाला कळायच्या आत एक कोपरा खाली आला आणि तिघं एकामागून एक घरंगळत सतरंजीवर. रस्सा घनश्यामच्या पांढऱ्या सदऱ्यावर. दचकून गोपीचंद उठला, तसा पायजम्यातून पाना खळकन फरशीवर आदळला.

राखीनं पान्याकडे पाहिलं, मग बापाकडे. तिच्या डोळ्यांत पाणी साचायला लागलं, आणि गोपीचंदला एकदम उमगलं की टेबल गेलं तर गेलं, पण या घरात पोरीला रोज नांदायचं आहे.

त्यानं खिशातून पैसा काढला आणि सुलोचनाबाईंच्या पायाशी ठेवला.

"म्या काढला, ईनबाई. मले प्रदर्शनात टेबल पाहिजे होतं. पोरीले काही बोलू नका."

सुलोचनाबाईंनी पदरानं पैसा पुसला.

"माह्या सासूनं लावले हे," त्या म्हणाल्या. "बाजारात चालेनासे झाले, तवा पैशायले म्हणे, बसून कायले खाता, कामाले लागा. बैलाच्या गळ्यात एक. कवाडाच्या कडीले एक. यायच्या करदोड्यात एक. दळताना म्हणायची,

भोकाचा गं पैसा, करदोड्याले बांधला
राजाचा मुकुट, माह्या लेकानं सांडला."

रश्श्यानं निथळणारा घनश्याम लाजला. "सुलोचना, पाहुण्यायसमोर करदोडा कायले?"

पहिलं हसू राखीला फुटलं. मग गिरजाबाईंना. गोपीचंद मात्र 'आ' वासून कवाडाच्या कडीकडे पाहत राहिला.

त्यानं त्याच संध्याकाळी पैसा जागेवर बसवून नट आवळला आणि भय्याजींना फोन केला. शनिवारी सकाळी भय्याजी त्याच्यासोबत कारध्याला आले. त्यांनी कडी पाहिली, बैलाचा गळा पाहिला, बंगईखाली तर ते पाठीवर झोपून शिरले. बाहेर आले तेव्हा पार हादरले होते.

"कामाले लागलेले पैसे! असं कोणापाशी नाही. विषय कोणाचा आहे हा?"

गोपीचंदनं तोंड उघडलं. राखी त्याच्याकडेच पाहत होती.

"ईनबाईचा जी," तो म्हणाला.

"मंग बाई, उद्या तुमचं टेबल. हे सारं काढून आणा."

"काढून?" सुलोचनाबाई कडाडल्या. "काढले त बैलाच्या गळ्यात काय, तुमचं टेबल बांधू? ज्याले पाहाचं हाये त्यानं कारध्याले यावं."

रविवारी मंडळ खरोखरच कारध्याला आलं. ओसरीवर रांग लागली. सुलोचनाबाई येणाऱ्या प्रत्येकाला सासूची ओवी ऐकवत होत्या आणि 'हे सापडलं कसं?' या प्रश्नावर हातवारे करून गोष्टही सांगत होत्या. "आमचे इवाई सतरंजीवर बसले होते, अन् यायच्या सदऱ्यावर रस्सा..." दुपारपर्यंत अख्ख्या गावाला ती पाठ झाली. टेबलावर पाटी लागली नव्हती, पण गोपीचंदचं नाव आता पोराटोरांच्या तोंडी होतं.

तेव्हापासून कारध्यात त्याला घरोघरी चहाचं बोलावणं येतं. तो उंबऱ्यावर दिसला की बंगईवरची माणसं ताडकन उठून भिंतीशी उभी राहतात आणि मग, "या इवाई, बसा बंगईवर," म्हणतात. गोपीचंद भारावून बसतो. मुलीच्या बापाला इतका मान देणारं गाव साऱ्या जिल्ह्यात दुसरं नाही, असं तो भय्याजींना सांगत असतो.