उंचापुऱ्या गृहस्थांचा शोध

घड्याळजींनी किनाऱ्यावरची पाटी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि मग बायकोलाही वाचून दाखवली. लाल झेंड्यांच्या पलीकडे जाऊ नये. पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या वर पाण्यात उतरू नये. सोबतच्या माणसांना सांगितल्याशिवाय कुठेही जाऊ नये. कचरा टाकू नये, दिसल्यास उचलावा. बायको म्हणाली, एकतीस वर्षांच्या संसारात आपण पहिल्यांदा समुद्र बघायला आलोय आणि तो त्या पाटीच्या मागे आहे, तेव्हा जरा बाजूला सरका.

घड्याळजी सरकले. सरकण्याची त्यांना सवय होती. माणूस पाच फूट तीन इंच, अंगाने काडी, आणि आवाज इतका बारीक की दुकानात आलेलं गिऱ्हाईक काउंटरवर ओणवं होऊन ऐके. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून मुंगीएवढे स्क्रू फिरवायचे, हा त्यांचा धंदा. दुकानात दोनशे घड्याळं टिकटिक करत असत, तरी स्वारी जेवायला एक दिवस वेळेवर घरी येईल तर शपथ. बायको त्यांना ‘आमचं बंद पडलेलं’ म्हणायची. तेही मागून नव्हे, तोंडावर.

छत्रीखाली खुर्ची मिळताच बायकोने डोळ्यांवर पदर घेतला आणि पाच मिनिटांत ती घोरू लागली. घड्याळजींना फक्त पाय भिजवायचे होते. खाऱ्या पाण्याने शर्ट खराब होऊ नये म्हणून त्यांनी तो काढून चौकोनी घडी केली. घडीवर नवा चष्मा आणि मनगटावरचं घड्याळ ठेवलं. शेजारी चपला जोडीने, अगदी काटकोनात. मग बनियन आणि लेकीने आणून दिलेली अर्धी चड्डी अशा अवतारात ते पाण्याच्या कडेला उभे राहिले.

तेवढ्यात कुणाची तरी प्लॅस्टिकची पिशवी वाऱ्यावर उडत समोरून गेली. पाटीवरची शेवटची सूचना घड्याळजींच्या डोक्यात ताजी होती. त्यांनी बायकोला सांगितलं आणि ते पिशवीच्या मागे निघाले.

एक पिशवी उचलली की पुढे दुसरी दिसे, ती उचलावी तर तिसरी. चष्मा नसल्यामुळे जे जे पांढरं ते ते त्यांना पिशवीच वाटत होतं. एका पिशवीने तर त्यांना खडकांच्या पार पलीकडे नेलं. ते वाकले आणि पिशवी पंख पसरून उडून गेली. खडकांमागे किनारा साफ करणारी मंडळी काम करत होती. हातात कचऱ्याची मोळी घेऊन आलेला हा म्हातारा बघून त्यांना गहिवरून आलं. उन्हात उघड्या डोक्याने फिरू नये, चक्कर येते, असं प्रेमाने बजावून त्यांनी घड्याळजींना नारिंगी जाकीट चढवलं, मोठी टोपी घातली आणि एक पोतं दिलं. आयुष्यात कुणी इतकं कौतुक केलेलं नव्हतं. घड्याळजींनी पोतं गळ्यापर्यंत भरूनच सोडलं.

इकडे भरती सुरू झाली होती. एका लाटेने डावी चप्पल उचलली आणि बायकोला जाग आली ती नेमकी त्याच क्षणी. समोर शर्टाची घडी, घडीवर चष्मा, शेजारी एकटी उजवी चप्पल. डावी पाण्यावर डुलत समुद्राकडे निघालेली. यजमान कुठेच नाहीत. ‘चष्मा काढला की यांना स्वतःचे पाय दिसत नाहीत हो,’ असं म्हणत ती मटकन वाळूत बसली.

पुढचं सगळं कुठल्याही गर्दीत होतं तसंच झालं. जीवरक्षक धावत आला. त्याचा जोडीदार होडी आणायला गेला होता, म्हणून हा एकटाच तरंगता पट्टा घेऊन पाण्यात शिरला. जाताना त्याने सगळ्यांना हात जोडून सांगितलं, की कुणीही आत येऊ नका, एकाला शोधायला जाल आणि दहांना काढावं लागेल. पण गर्दीत एक मुख्याध्यापिका होत्या. पस्तीस वर्षं प्रार्थनेच्या रांगा लावलेल्या बाईंना चाळीस माणसं रिकामी उभी राहिलेली बघवेना. त्यांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं, हातात हात गुंफायला लावले आणि बुटकी मंडळी काठाला, उंच मंडळी पाण्यात, अशी साखळी तयार केली. घड्याळजींच्या बायकोला दोन बायकांनी धरून जीवरक्षकाच्या खोलीत नेलं, पाणी पाजलं आणि नवऱ्याचं वर्णन विचारून घेतलं.

घड्याळजी परतले तेव्हा हे असं होतं. त्यांना फक्त एक लांबलचक, रंगीबेरंगी, हलणारी रेघ दिसली. त्यांनी जवळच्या माणसाला विचारलं तेव्हा कळलं, की एक गृहस्थ कपडे काठावर ठेवून पाण्यात गेले ते परत आलेच नाहीत. घड्याळजी हळहळले. एवढी ठळक पाटी असताना लोक असं का वागतात, हे त्यांना कळेना. मग त्यांना स्वतःच्या चष्म्याची काळजी वाटू लागली. इतक्या पायांत तो चिरडला असता. ते डोळे बारीक करून वाळू चाचपू लागले.

“त्या चष्म्याला हात लावू नका,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “त्या बिचाऱ्यांची तेवढीच खूण उरलीये.”

“माझाही इथेच कुठेतरी होता,” घड्याळजी म्हणाले.

ते नेहमीप्रमाणे कुणाला ऐकू गेलं नाही. बाईंना फक्त नारिंगी जाकीट दिसलं. नारिंगी जाकीट म्हणजे सरकारी माणूस, आणि सरकारी माणूस काठावर कसा, असा त्यांचा सरळ हिशेब होता. “तुम्ही इथे काय करताय? पुढे व्हा,” असं म्हणून त्यांनी घड्याळजींना दंडाला धरून साखळीच्या पार टोकाला पाठवलं. आपल्याला पोहता येत नाही, हे घड्याळजींनी वाटेत सहा जणांना सांगितलं. सहाही जणांनी “शाब्बास” म्हटलं.

टोकाला एक धिप्पाड दंतवैद्य उभे होते. त्यांनी घड्याळजींचा हात पकडला आणि सवयीने म्हणाले, “सैल सोडा, काही दुखणार नाही.”

पाणी दंतवैद्यांच्या कमरेला होतं, म्हणजे घड्याळजींच्या छातीला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण बाकी सगळीकडे पाणीच पाणी. धीर यावा म्हणून त्यांनी विचारलं, की गृहस्थ दिसायला कसे आहेत.

“त्यांच्या मिसेसनी सांगितलंय,” दंतवैद्य म्हणाले. “उंचेपुरे. भारदस्त. माणूस देवगुणी, एकतीस वर्षांत बायकोवर कधी आवाज चढवला नाही. हातात अशी कला, की जगात कुणाला जमणार नाही ते काम हे करणार. बाई रडत होत्या हो. म्हणत होत्या, असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही.”

घड्याळजींना गलबलून आलं. असा माणूस बुडावा आणि आपल्यासारखं बंद पडलेलं घड्याळ मागे उरावं, हे काही बरोबर नाही, असं त्यांना मनापासून वाटलं. थोडा हेवाही वाटला. त्यांच्याही संसाराला एकतीसच वर्षं झाली होती, पण त्यांच्यासाठी कुणी दिवा सोडा, काडेपेटीसुद्धा घेतली नसती. त्यांनी दंतवैद्यांचा हात सोडला नाही, पण एक पाऊल आणखी पुढे टाकलं. पाण्यात काहीतरी काळं तरंगताना त्यांना दिसलं होतं. ते त्या गृहस्थांचं डोकं असावं.

ती त्यांची डावी चप्पल होती. त्यांनी ती पकडली आणि नेमकी तेव्हाच मोठी लाट आली. दंतवैद्यांनी दोन्ही हातांनी स्वतःची चड्डी धरली. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, हे घड्याळजींना त्या दिवशी शब्दशः कळलं. आभाळ खाली गेलं, समुद्र वर आला, नाकातोंडात खारं पाणी शिरलं, आणि खरंच आता संपलं असं वाटत असताना कुणीतरी मागून काखेत हात घालून त्यांना ओढलं.

जीवरक्षकाने त्यांना वाळूवर आणून पालथं घातलं. पाणी निघालं, खोकला आला, जीवात जीव आला. गर्दीत “सापडले, सापडले” झालं. मुख्याध्यापिकांनी ताबडतोब दुरुस्ती केली, की हे ते नव्हेत, हे आपले नारिंगीवाले, साखळी मोडू नका. पण गलका ऐकून घड्याळजींची बायको गर्दीतून वाट काढत आली. टोपी वाहून गेली होती, जाकीट जीवरक्षकाने काढलं होतं. बनियनमधला तो ओला, काटकुळा देह तिने क्षणभर पाहिला. मग ती खाली बसली आणि पदराने त्यांचं डोकं पुसू लागली, इतक्या जोरात की घड्याळजींना वाटलं लाट बरी होती.

“चष्मा नसताना पाण्यात कशाला शिरलात?”

“एका गृहस्थांना शोधायला,” घड्याळजी धापा टाकत म्हणाले. “उंचेपुरे आहेत. भारदस्त. देवमाणूस. अजून सापडले नाहीत.”

मुख्याध्यापिकांनी घड्याळजींना डोक्यापासून पायापर्यंत नजरेने मोजलं. ते मोजमाप लवकर संपलं. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको वाळूकडे बघत होती.

जीवरक्षक हसला नाही. त्याने घड्याळजींना शांतपणे विचारलं, की काका, कुठे जाताय ते घरच्या माणसाला सांगून का गेला नाहीत, आज इथे दोन-चार जीव गेले असते. घड्याळजींचा चेहरा पडला. त्यांनी साखळीतल्या एकेका माणसापुढे जाऊन क्षमा मागितली, चाळीस वेळा. दंतवैद्यांची तर दोनदा. शेवटी ते परत जीवरक्षकासमोर आले.

“सांगितलं होतं मी हिला,” ते म्हणाले. “झोपली होती, म्हणून हळू सांगितलं.”

परतताना बायकोने त्यांचं मनगट असं धरलं होतं, की त्या हाताने घड्याळजींना चष्माही वर सरकवता येत नव्हता. हॉटेलचं दार दिसू लागलं तेव्हा त्यांनी धीर केला.

“उंचापुरा म्हणालीस मला?”

“गेलेल्या माणसाबद्दल वाईट कशाला बोलायचं,” बायको म्हणाली.

घड्याळजींनी मान डोलावली. ते बरोबरच होतं. चार पावलं गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, “आणि कधी आवाज चढवला नाही, ते?”

“ते खरंय,” बायको म्हणाली, आणि तिने मनगट आणखी घट्ट धरलं. “उद्यापासून चढवायचा.”