घरात घेतलेली विहीर

अँब्रोज आयुष्यात एकदाही चुकला नव्हता. निदान त्याचं स्वतःचं तरी तसं म्हणणं होतं! १८७९ साली ठाण्याच्या खाडीकाठचं बापजाद्यांचं घर त्यानं वाढवायला काढलं, तेव्हा अख्ख्या आळीला ऐकवलं, "एक झाड तोडणार नाय, एक नवी फळी आणणार नाय, आणि तरी असं घर बांधीन की कलेक्टरसायब बघायला येईल!"

आणि डोकं चालवलं होतं हो पठ्ठ्यानं! मोडीत निघालेल्या पडावाचं, म्हणजे मालवाहू होडीचं, सागवान तुळयांना लावलं, जुनी कौलं धुऊनपुसून पुन्हा छपरावर चढवली, भिंतींना परसातलीच माती वापरली. आंब्याची फांदी आडवी आली, तर फांदी राहिली आणि छप्परच तिरकं झालं! पण खरी करामत पुढेच होती. बायकोचे, व्हिक्टोरियाचे, गुडघे दुखत. परसातल्या विहिरीवरून घागरी आणताना ती मेटाकुटीला येई. अँब्रोजला ते बघवेना. म्हणून त्यानं नवं स्वयंपाकघर इतकं मागं नेलं, की विहीरच घरात आली. चुलीपासून चार पावलांवर!

"मागच्या भिंतीला दार ठेवू ना?" पंढरी गवंड्यानं विचारलं.

"कनाला? चोरांची सोय करायला?"

पंढरीनं मान डोलावली आणि भिंत वर चढवली.

आता ही विहीर होती तीन घरांची. अँब्रोज उदारपणे म्हणाला, "या की पुढच्या दारानं. आपलंच घर!" शेजारणी आल्या. उजाडल्यापासून अकरा जणी घागरी घेऊन घरातून ये-जा करू लागल्या. जाता जाता जी ती कालवणावरचं झाकण उचलून बघे आणि मीठ कमी की जास्त ते सांगे. आठ दिवसांत व्हिक्टोरिया म्हणाली, "गुडघे बरे हायत आता. डोकं उठलंय!"

तेही निभावलं असतं. पण त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, सेसिलियाचं लग्न आलं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायकांनी वाजतगाजत विहिरीवर जायचं, घागरी भरून घरी आणायच्या आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालायचं. यालाच म्हणत उंबराचं पाणी, आणि त्याशिवाय आळीत कुणाचं लग्न लागलं नव्हतं. मातीच्या मडक्याचं घुमट वाजू लागलं, बायका नटून अंगणात जमल्या, आणि पुढं उभी असलेली आळीतली वडीलधारी सेलेस्टीनमावशी एकदम थांबली.

"अँब्रोज, विहीर कुठं हाय रं?"

अँब्रोजनं घराकडं बोट दाखवलं.

"मंग जायाचं कुठं? पाणी भायेरून घरात आणतात. घरातल्या घरात वाजंत्री फिरवू?"

आळीतली दुसरी विहीर आटलेली. अँब्रोजनं ताबडतोब तोड काढली. "आळीला वळसा घाला आणि पुढच्या दारानं आत या!"

त्या आत आल्या. रिकाम्या घागरीवाल्या आत शिरल्या, पाणी बाहेरून आणायचं म्हणून भरलेल्या घागरीवाल्या बाहेर निघाल्या, आणि दोन्ही फौजा घरातल्या अरुंद बोळात समोरासमोर अडकल्या. घुमटवाला मधोमध! मागं सरायला जागा नाही, पुढं जायला वाट नाही. एक घागर कलंडली, शेणानं सारवलेली जमीन निसरडी झाली, आणि तीन जणी घुमटवाल्यासकट खाली बसल्या. उद्याच्या जेवणाचं पातेलं तेवढं वाचलं. घागरींत मात्र थेंबभर पाणी राहिलं नाही.

दारात सेसिलिया उभी होती. डोळे भरलेले. "बाबा, माझं पाणी?"

अँब्रोजनं आपल्या भिंतीकडं पाहिलं. तिचा चुना कालच वाळला होता. मग लेकीकडं पाहिलं. कोपऱ्यातली पहार उचलली आणि ओरडला, "सरका!"

पहिला घाव त्यानं घातला. दुसरा पंढरीनं. मग आळीतले सगळे बाप्ये धावले, घुमटवाल्यानं ताल धरला आणि मातीची भिंत बघता बघता माणूसभर उघडली. खाडीचा वारा आत घुसला. आठ दिवस कोंडलेला धूर भडाभडा बाहेर पडला. वरात परसातून विहिरीवर आली आणि भरल्या घागरी घेऊन, त्याच वाटेनं बाहेर पडून, नाचत, पुढच्या दारानं आत गेली. सेसिलिया न्हाली. मावशी गात होती, लेक हसत होती.

अँब्रोजनं सगळ्यांसमोर हात जोडले. "तुम्ही नसतात तर माझी पोर रडत सासरी गेली असती. तुमचे उपकार फिटायचे नायत. हे दार तुमचं. केवाय या!"

लग्न थाटात लागलं. सोमवारी सकाळी अँब्रोज, घरातच विहीर असल्याच्या सुखात, तिच्या काठावर आंघोळीला बसला. अंगभर साबण, डोळे मिटलेले, पंचा लांब खुंटीवर. तेवढ्यात घागरींचा खणखणाट!

"मावशी! थांबा की जरा!"

"तूच बोललास ना, केवाय या?" सेलेस्टीनमावशीनं पोहरा सोडला सुद्धा. "आणि लाजतंस कनाला? तुझ्या लग्नाचं पाणी मीच ओतलेलं तुझ्यावर. वाक खाली!"

अँब्रोजनं साबणातून एक डोळा उघडून पाहिलं आणि तो वाकला. अकरा जणींपैकी निदान एक तरी पाठमोरी उभी होती, त्याबद्दल त्यानं देवाचे अगदी मनापासून आभार मानले.