सुमनमावशींची दुसरी सही

सुमनमावशींच्या घरी वरणात मीठ पडायचं तर त्याला साक्षीदार लागतो. चमचा पातेल्यावर धरून त्या थांबतात आणि हॉलच्या दिशेनं हाक मारतात, "जावईबापू, या बरं इकडे." आपण जायचं, चमच्यात पाहायचं. त्या म्हणणार, "मीठ. एक चमचा. सपाट." आपण म्हणायचं, "बरोबर." मग मीठ वरणात. बाहेर पडताना ओव्हन बंद आहे का, मागचं दार लावलंय का, हेही दोघांनी पाहायचं. एकट्यानं पाहिलेलं त्यांच्या लेखी पाहिलेलंच नसतं.

त्यांचा तरी काय दोष? एकतीस वर्षं त्या कार्डिफच्या एका हॉस्पिटलात फार्मसिस्ट होत्या. तिथे एकानं औषध काढायचं, दुसऱ्यानं ते पाहायचं आणि दोघांनी सही करायची. मावशी रिटायर झाल्या, नियम काही झाला नाही.

मावशी म्हणजे माझ्या बायकोच्या, सुजाताच्या, मावशी. त्यामुळे माझ्या मावससासूबाई. वय एकोणसत्तर, उंची पाच फुटांना जरा कमी, मूळच्या नागपूरच्या. अंगात बारा महिने राखाडी कार्डिगन, पर्समध्ये बसचा पास आणि आवळासुपारीची डबी. महिन्यातून एकदा विहारात वंदनेला जातात आणि महिन्यातून दोनदा डोंगरातल्या रेंजवर पोटावर आडव्या होऊन, थ्री हंड्रेड मॅग्नम रायफलनं, हजार यार्डांवरच्या कागदाला भोक पाडतात. त्या रायफलीची काडतुसंही त्या घरी स्वतः भरतात. नवीन पाहुण्याला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग मावशींकडे पाहतो, मग हातातला चहा खाली ठेवतो.

मॅग्नम म्हणजे मोठ्या पोटाचं काडतूस. पावडर जास्त, त्यामुळे वेग जास्त आणि खांद्याला बसणारा धक्काही जास्त. त्यांच्या रायफल क्लबच्या ओपन डेला, म्हणजे पाहुण्यांच्या दिवशी, मी एकदा क्लबची तसलीच रायफल उडवून पाहिली होती. पुढचे दोन दिवस मी डाव्या हातानं जेवलो. मावशी एका सकाळी तीस-चाळीस उडवतात आणि घरी येऊन भाकऱ्या थापतात.

पंचशील घेणारी बाई बंदूक कशी चालवते, असं विहारात कुणीतरी विचारलंच. मावशी म्हणाल्या, "कागदाला जीव असतो काय हो? मग झालं." क्लबात ग्लिन नावाचा त्यांचा जुना वेल्श मित्र आहे. तो शिकारी. दर हिवाळ्यात तो मावशींना हरणाच्या शिकारीला बोलावतो आणि दर हिवाळ्यात मावशी त्याला विचारतात, "हरणानं माझं काय बिघडवलंय, ग्लिन?"

आता गॅरेज. त्यात गाडी कधीच नव्हती. एक टेबल, त्यावर काडतुसं दाबून बसवायचा लोखंडी प्रेस, इलेक्ट्रॉनिक काटा आणि पावडरचा डबा. डबा एका वेळी एकच. दुसरा डबा टेबलावर आला तर चुकून त्यातली पावडर पडेल, आणि चुकीच्या पावडरीनं रायफल तोंडाशेजारी फुटू शकते. वापरलेली पितळी पुंगळी घासूनपुसून घ्यायची, तिच्या बुडात ठिणगी पाडणारा नवा प्रायमर दाबायचा, मोजून पावडर ओतायची आणि वर बुलेट बसवायची. ऐकायला करंजी करण्याइतकं सोपं वाटतं. पण पावडर ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत मोजायची. "ग्रेन हे आम्हां औषधवाल्यांचं जुनं माप," मावशी सांगतात. "आम्ही सोडलं, बंदूकवाल्यांनी जपलं."

किती ग्रेन, ते मला आता पाठ आहे, पण सांगणार नाही. एका रायफलीचं माप दुसरीसाठी आंधळेपणानं उचलायचं नाही आणि एकानं भरलेलं काडतूस दुसऱ्यानं उडवायचं नाही, असा या लोकांचा शिरस्ता आहे. "शेजाऱ्याचा चष्मा लावता का तुम्ही?" एवढंच मावशी म्हणतात.

पावडर ओतताना बोलायचं नाही, हाही नियम. मला तो माहीत नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात, जावई किती कामसू आहे ते दाखवायला मी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेलो आणि विचारलं, "मावशी, साखर एक की दोन?" मावशींनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. मग समोरच्या सत्तेचाळीस भरलेल्या पुंगळ्या एकेक उचलून डब्यात परत रिकाम्या केल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. चहा त्यांनी बिनसाखरेचा घेतला.

त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला तेव्हा वसंतकाका बसत. मावशींचे यजमान. आयुष्यभर कार्डिफच्या बसवर ड्रायव्हर. माणूस असा बोलका की त्यांच्या बसमधले लोक आपला स्टॉप आला तरी गोष्ट संपेपर्यंत उतरत नसत. पण गॅरेजमध्ये ते दोनच शब्द बोलायचे. मावशी काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचणार, काका म्हणणार "बरोबर" किंवा "परत". परत म्हटलं की मावशी पुन्हा मोजणार. वहीत दोन रकाने होते, 'भरले' आणि 'पाहिले'. पहिल्यात मावशींची सही, दुसऱ्यात काकांची. दुसरी सही नसलेलं काडतूस मावशी रायफलीत घालत नसत. रायफलीच्या कपाटाची चावी कुठे असते हे मात्र एक्केचाळीस वर्षांच्या संसारात काकांना कधी कळलं नाही. "लायसन्स माझ्या एकटीच्या नावावर आहे," मावशी म्हणायच्या.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात काका गेले. मावशी रडल्या त्या आमच्यासमोर नाही. काकांच्या सहीची काडतुसं शिल्लक होती तोवर त्या रेंजवर गेल्या. ती संपली आणि मावशी जायच्या थांबल्या. विचारलं की म्हणायच्या, "वारा फार आहे." वेल्समध्ये हे कारण वर्षभर चालतं.

मग एका शनिवारी सुजाताला त्यांच्या फ्रिजवर क्लबचं पत्र दिसलं. वर्षभर रेंजवर न आलेल्या लायसन्सवाल्या मेंबरचं नाव क्लबला पोलिसांना कळवावं लागतं. तुमचं वर्ष दोन महिन्यांनी भरतंय, एकदा तरी या, असं सेक्रेटरीनं फार अदबीनं लिहिलं होतं. एकदा नाव कळवलं की पोलीस विचारणार, वापरत नाही तर रायफल हवी कशाला. या वयात एकदा गेलेली रायफल परत कोण देणार?

"मावशी, विकतची काडतुसं घ्या," सुजाता म्हणाली.

"कोणी भरली ती? तू ओळखतेस त्याला?"

"मग ग्लिन येऊन पाहील की. त्याला सगळं येतं."

"म्हणूनच नको. ग्लिनला मतं आहेत. दोन ग्रेन वाढव म्हणेल, बुलेट बदल म्हणेल. पाहणाऱ्याला मत नसावं, बाई. नुसते डोळे असावेत."

सुजातानं सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मावशींनीही पाहिलं. ज्याला कसलंच मत नाही असा माणूस घरातच बसला होता.

पुढच्या शनिवारी मी काकांच्या खुर्चीत बसलो. फोन घरात, चहा नाही. मावशी आकडा वाचत होत्या, मी काट्याकडे पाहून बरोबर म्हणत होतो. बत्तीस पुंगळ्या झाल्या. तेहतिसाव्या वेळी काट्यावर एक ग्रेन जास्त दिसत होता. मावशींनी नेहमीचाच आकडा वाचला. मी म्हणालो, "बरोबर."

मावशींनी काट्यावरची पावडरीची वाटी खाली ठेवली. "किती दिसला?"

"एक जास्त."

"मग बरोबर काहून म्हणालात?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

दुसरं काय सांगणार? आमच्या घरचं वळणच तसं. सासूबाईंनी रात्रीला दिवस म्हटलं की जावयानं गॉगल शोधायचा. मावशींनी मुद्दाम चुकीचा आकडा वाचला होता. हॉस्पिटलात नवीन पोरींची त्या अशीच परीक्षा घ्यायच्या म्हणे. त्यांनी तेहतीसच्या तेहतीस पुंगळ्या डब्यात ओतल्या.

"जावईबापू, कौन्सिलात तुमचं काम काय?"

"पार्किंग. लोकांच्या दंडाच्या तक्रारी वाचतो."

"अन् काय सांगता त्यांना?"

"तुमचं चूक आहे, दंड भरा."

"तिथे आवाज फुटतो नं? मग इथेही फुटू द्या. या टेबलाशी मी तुमची सासू नाही."

दुसऱ्या शनिवारी त्यांनी तीनदा फसवलं. दोनदा मी चूक म्हणालो. तिसऱ्यांदा माझ्या तोंडून "मला वाटतं, जरा..." असं काहीतरी निघालं, आणि सगळं पुन्हा डब्यात.

तिसऱ्या शनिवारी एक्केचाळिसाव्या पुंगळीला मी खणखणीत आवाजात "चूक" म्हणालो. मावशींनी वाचलेल्या आकड्यात शेवटी तीन होता, काट्यावर आठ. पकडली बुवा, म्हणून मी खुशीत मावशींकडे पाहिलं. मावशी काट्याकडे बघत होत्या. त्यांनी चष्मा काढला, कार्डिगनला पुसला, पुन्हा लावला, पुढे वाकल्या.

"हे मुद्दाम नव्हतं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी काटा बंद केला. मला वाटलं, संपलं. आता त्या स्वतःच क्लबला कळवतील की रायफल घेऊन जा. मी उगाच म्हणालो, "अर्ध्याच ग्रेनचा तर फरक आहे, मावशी."

"म्हणजे आधीच्या चाळीसही तुमच्या एकट्याच्या डोळ्यांवर गेल्या, माझ्या नाही," असं म्हणून त्यांनी सगळ्या रिकाम्या केल्या. सोमवारी डोळे तपासून घेतले, दहा दिवसांनी नवा चष्मा आला, आणि त्यानंतरच्या शनिवारी आम्ही पन्नास काडतुसं पहिल्या दमात पुरी केली. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. 'पाहिले' खाली मी सही केली. लग्नाच्या रजिस्टरवर केली होती तेव्हाही माझा हात इतका सांभाळून चालला नव्हता.

वर्ष भरायला आठ दिवस असताना मी त्यांना रेंजवर घेऊन गेलो. गोळीबार चालू असल्याचा लाल बावटा फडकत होता, शेजारच्या उतारावर मेंढ्या बेफिकीर चरत होत्या. ग्लिननं रजिस्टरमध्ये मावशींचं नाव लिहिलं, खाली रेघ मारली आणि म्हणाला, "वारा कमी झाला वाटतं, सुमन." मावशी म्हणाल्या, "झाला जरा." त्या चटईवर आडव्या झाल्या. पहिली गोळी डावीकडे गेली. त्यांनी रायफलीच्या दुर्बिणीवरचं एक बटण फिरवलं. मग ओळीनं एकोणीस गोळ्या काळ्या वर्तुळात गेल्या. ग्लिननं टोपी काढून डोकं खाजवलं. त्याच्याकडून एवढं म्हणजे खूपच.

त्या रायफल पुसत होत्या तोवर मी वही मागे चाळत बसलो. माझ्या सहीच्या आधी पानंच्या पानं वसंतकाकांच्या सह्या. जुन्या पानांवर नीट रकान्यात. अलीकडे येताना त्या उतरत गेलेल्या, रकान्याबाहेर, एके ठिकाणी तर मावशींच्या सहीवरच चढलेल्या.

"काकांचा हात थरथरायचा का शेवटी?"

"हात ठीक होता. डोळे गेले होते," मावशी म्हणाल्या. "शेवटची तीन वर्षं. टीव्हीवर क्रिकेट लागलंय की बातम्या, तेही दिसत नव्हतं त्यांना. कोणाला सांगू नको म्हणाले होते."

"अहो, मग काटा कसा पाहायचे ते?"

"नव्हते पाहत. मी वाचायची, ते ऐकायचे. मला खात्री नसली नं, की माझा आवाज शेवटी जरासा खाली जातो म्हणे. मला कधी कळला नाही. त्यांना कळायचा. मग म्हणायचे, परत." त्यांनी रायफलीच्या पेटीची कडी लावली. "मी परत मोजायची. चूक निघायची."

"दर वेळी?"

"दर वेळी. नाहीतर मी कशाला सही घेतली असती त्यांची?"

माझी सही मी पुन्हा एकदा पाहिली. फारच सुबक आली होती.

"तुम्ही आपले आकडेच पाहत जा," मावशी म्हणाल्या. "छान पाहता."

परतीच्या वाटेवर त्या शेजारी बसून मला रस्ता सांगत होत्या. इथून डावीकडे. पुढच्या राउंडअबाउटला तिसरा एक्झिट. मी वाइपर बंद केले, रेडिओ बंद केला आणि प्रत्येक वाक्याचा शेवट कान देऊन ऐकत राहिलो. सगळी वाक्यं मला सारखीच वाटली. दोनदा आम्ही रस्ता चुकलो.