शेळीच्या पोटाचं माप

मला सांगा, माणसानं विश्वास ठेवावा तरी कुणावर? मी आयुष्यभर कापड विकलं. (शाळा अर्धवट, पण गिऱ्हाईक अख्खं वाचता यायचं.) त्यातून एकच शहाणपण कमावलं : विकणारा स्वतःहून जे सांगतो, तेवढं सोडून बाकी सगळं खरं. "रंग जाणार नाही, वहिनी," असं मीच नाही का सांगायचो?

दुकान मुलाच्या हाती देऊन आम्ही दोघं गावाबाहेरच्या घरात राहायला आलो आणि ताज्या दुधासाठी मी शेळी घ्यायचं ठरवलं. बायकोला ही जागा आधीच नापसंत. "मुक्या जीवाचे हाल केलेत, तर मी सरळ मुलाकडे निघून जाईन," तिनं बजावलं आणि शेळी बघायला सोबत आली.

शेळीवाला म्हणाला, "गाभण आहे, शेठ. दूध आटलंय. व्यायली की भरपूर देईल."

मी मनात हसलो. दूध नाही, कारण हा तिला उपाशी ठेवतो. आणि गाभण कशाला, तर भाव चढवायला! "ही थाप दुसऱ्या कुणाला मार," म्हणालो आणि शेळी घेऊन आलो.

"धान्य घालू नका हं, पोट फुगेल तिचं," बायको म्हणाली. मी अर्थात चोरून घालत राहिलो. दूध थेंबभर येईना, पोट मात्र वाढतच चाललं. शेवटी दुकानातली टेप काढून मी रोज घेर मोजू लागलो. जन्मभर धुतल्यावर आटणारा माल विकला; न धुता वाढणारा पहिल्यांदाच बघत होतो!

एका सकाळी शेळी खाईना. आडवी होई, उठे, पायानं माती उकरी आणि माझ्याकडे बघून कण्हे. ही गेली, की पाठोपाठ बायको जाणार! पोट फुगलेल्या जनावराला चालवावं, असं कुठंतरी ऐकलं होतं. मी तिला अंगणात फिरवू लागलो. ती बसे, मी उठवी. "चल गं बाई, माझी अब्रू राख!"

तेवढ्यात फाटकातून गुरांचे डॉक्टर आत आले. "हे काय चाललंय?"

"धान्य बाधलंय हो. मीच घातलं, पण आमच्या घरात बोलू नका."

"घर इथंच उभं आहे," मागून बायको म्हणाली. तिच्या हातात कोमट पाण्याची बादली आणि धुतलेली पोती; डॉक्टरांना निरोपही तिनंच धाडला होता.

डॉक्टरांनी शेळीच्या पोटावर हात ठेवला. "अहो, हिला कळा येताहेत! बाळंतिणीला कवायत करायला लावताय?"

थोड्याच वेळात दोन करडं अंगणात लटपटत उभी राहिली. शेळी त्यांना चाटू लागली, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. मी पायरीवर बसकण मारली.

"तुला माहीत होतं?"

"शेळीवाल्यानं आपल्या दोघांच्या देखतच सांगितलं होतं की!"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असतात, 'त्यानं तुलाही गुंडाळलं.' आणि तुम्ही टेप लावून बसलात, की माझी सकाळ मजेत जायची."

मी चाचरत विचारलं, "आता मुलाकडे नाही ना जाणार?"

"या पिलांना टाकून? छे! तुम्हाला टाकून गेले असते."

तेव्हापासून घरी जनावरं किती, असं कुणी विचारलं, की ती बेधडक 'चार' सांगते. निदान तुम्ही तरी हिशोब प्रामाणिकपणे ठेवा हो : शेळी एक, करडं दोन. झाली तीन!